वगळलेल्या फाइली

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आज कोर्टाचा लखोटा आला. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यानंतरच्या तीन वर्षांतलं हे सातवं काम. दत्त चौकातल्या माझ्या खोलीवर 'नी. वा. पांढरीपांडे, संगणक तपासणी' अशी पाटी आहे, आणि ती वाचून लोक अजूनही प्रिंटर दुरुस्तीला घेऊन येतात. त्यामुळे कोर्टाचा शिपाई दारात दिसला की मान जरा ताठ होते. खोटं कशाला लिहू?

प्रकरण नेरचं आहे. समीक्षा रजत गुल्हाने, वय एकतीस, या जानेवारीत कॅन्सरने गेली. मागे सहा वर्षांची मुलगी आहे, भैरवी. ती बापाकडे असते. समीक्षाचे आईवडील आर्णीकडचे शेतकरी, पुंडलिकराव आणि विमलताई भोयर. त्यांचं म्हणणं, नात सुट्ट्यांत आमच्याकडे राहू द्या, आणि लेकीने आजारपणात लॅपटॉपमध्ये नातीसाठी काहीतरी ठेवलं आहे त्याची प्रत द्या. लॅपटॉप जावयाच्या दुकानात आहे. जावई म्हणतो, त्यात माझा सगळा धंदा आहे, अख्खी प्रत देणार नाही. कोर्टाने मधला मार्ग काढला. तटस्थ माणसाने जावं, फाइलीचा प्रकार आणि नाव पाहून मयताच्या तेवढ्या फाइली उतरवून घ्याव्यात, बाकीच्यांना हात लावू नये. तो तटस्थ माणूस म्हणजे मी.

एरवी आम्ही डिस्कची अख्खी प्रत काढतो, रिकाम्या जागेसकट. इथे गाळून घ्यायचं आहे. चहाची गाळणीच म्हणा. मुलांना मी वीस वर्षं सांगत आलो की चहा कोणता आणि चोथा कोणता हे गाळणीला कळत नसतं, गाळणाऱ्याला कळावं लागतं. दर वर्षी मुलं या वाक्यावर हसायची.

पत्र वाचून दाखवायला शीलाला हाक मारली. दोनदा मारावी लागली. हल्ली हिला पहिल्या हाकेला ऐकू येत नाही. साठीच्या आतच कान गेले तर पुढे अवघड आहे. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, पोर फक्त सहा वर्षांची आहे का. मी म्हटलं, हो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दोन्ही बाजूंना वकिलांच्या खोलीत बसवून गाळणी ठरवली. असं बसून ठरवलं की मागाहून कोणाला कुरकुर करता येत नाही.

प्रकार सोपे होते. कागदपत्रं, छायाचित्रं, चित्रफिती एवढंच कोर्टाच्या आदेशात होतं. आवाजाच्या फाइली त्यात नव्हत्या. मी आपणहून अर्ज करून त्या घालून घेतल्या. दुसरा कोणी असता तर इतकी काळजी घेतली नसती.

नावाचा घोळ जास्त झाला. भोयरांचे वकील म्हणाले, 'भैरवी' हे नावही घ्या, ठेवलं तर मुलीसाठीच ठेवलं असणार. त्यावर जावयाचे वकील उसळले. दुकानाचं नावच 'भैरवी कृषी सेवा केंद्र' आहे. त्या नावाने शोधलं तर बियाण्याचं प्रत्येक बिल बाहेर येईल, म्हणजे अख्खी प्रतच झाली की. मुद्दा बिनतोड होता. भैरवी वगळलं. आडनाव घेतलं तरी तीच गत, तेही वगळलं.

मग मी भोयरांना विचारलं, मुलीचं पूर्ण नाव सांगा. पुंडलिकराव म्हणाले, "समीक्षा रजत गुल्हाने लिवा. आधार कार्डावर तेच हाये." विमलताईंनी काही बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि पदर सारखा करून गप्प बसल्या. वकिलाच्या खोलीत बायकामाणसं बुजतात. मी समीक्षा हे नाव देवनागरीत आणि इंग्रजीतल्या सहा तऱ्हांनी लिहून घेतलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या.

बाहेर पडताना विमलताई जिन्यात भेटल्या. पन्नाशीच्या असतील, हात कापूस वेचून खरबरीत झालेले. त्यांचं बोलणं एकच, आमची अर्पू असं म्हणे, आमची अर्पू तसं म्हणे. लाडाचं नाव असावं. आपल्याकडे घरटी एक बेबी आणि एक बाळू असतोच. शेवटच्या दोन महिन्यांत तिला कोणी समीक्षा म्हणून हाक मारली तर ती ओच देत नव्हती, असंही सांगत होत्या. त्या दुखण्यात कानही जातात म्हणे. वाईट वाटलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

नेरला जाऊन काम उरकून आलो. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, एस.टी. अर्धा तास अडकली.

रजत गुल्हाने मला वाटला होता तसा निघाला नाही. पस्तिशीचा, दाढी वाढलेला, हळू बोलणारा माणूस. खताच्या पोत्यांमागे टेबल मोकळं करून ठेवलं होतं. मी डिस्क काढून माझ्या यंत्राला जोडली. मध्ये एक डबी लावतात, तिच्यामुळे डिस्कवरचं वाचता येतं पण तिच्यावर काही लिहिलं जात नाही. मग गाळणी सुरू केली. यंत्र डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीजवळ जातं, तिचं नाव टिपतं, प्रकार बघतं. दोन्हींत बसली तर उतरवून घेतं, नाहीतर नाव वगळलेल्यांच्या यादीत टाकून पुढे जातं. दोन तास लागले. दोन लाखांवर फाइली पाहिल्या, दोनशे बारा उतरल्या.

मधेच भैरवी शाळेतून आली. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. मी काय करतोय ते बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "त्याच्यात माही आई बोलते." रजतने तिला आत जाऊन हातपाय धुवायला सांगितलं. मला म्हणाला, लग्नाची चित्रफीत आहे, ती लावून मागते. मी पाहिलं, ती चित्रफीत उतरली होती.

निघताना त्याने विचारलं, "सर, समीक्षाचं सगळं आलं ना? काही राह्यलं तं नाई?"

मी म्हटलं, जे होतं ते सगळं आलं. त्याने पंचनाम्यावर सही केली आणि चहा मागवला. गूळ घातलेला चहा होता, छान होता.

२७ नोव्हेंबर, बुधवार

अहवाल लिहून दिला. दोनशे बारा फाइलींत दवाखान्याचे रिपोर्ट, लग्नाचे फोटो, लग्नाची चित्रफीत, मतदार यादीचा अर्ज, शिवणाच्या क्लासचं प्रमाणपत्र, एवढं निघालं. मुलीसाठी म्हणावं असं एक अक्षर नाही. आवाजाची एकही फाइल नाही.

आईबापांची निराशा होणार. पण काम स्वच्छ झालं आहे. अहवालाच्या शेवटी लिहिलं, 'मयताच्या सर्व फाइली घेण्यात आल्या असून सदर लॅपटॉपची यापुढे तपासणीसाठी आवश्यकता नाही.' दुसरा अर्धा भाग मी माझ्या मनाने घातला. आदेशात तसं लिहायला सांगितलेलं नव्हतं. पण त्या रजतचा धंदा आहे, त्याला मोकळं केलेलं बरं.

९ डिसेंबर, सोमवार

तारीख होती. अहवाल वाचला गेला, पुढची तारीख पडली. पायऱ्यांवर विमलताईंनी गाठलंच.

त्यांनी विचारलं, "भाऊ, तिचा आवाज नाई निंगाला?"

मी समजावून सांगितलं की निघाला नाही, म्हणजे तो तिथे नव्हता. त्या ऐकेनात. लेक दुपारी फोन करायची आणि म्हणायची, माय, आज तीन केले, माय, आज एकच झाला, धाप लागली. काय केले, असं मी विचारलं नाही. त्या अवस्थेत माणूस काहीही बोलतं, आणि आईला सगळं खरं वाटतं. शेवटी मी जरा तुटकच बोललो. म्हटलं, ताई, यंत्र खोटं बोलत नाही. पुंडलिकरावांनी त्यांचा दंड धरून त्यांना खाली नेलं. मला दिवसभर चैन पडलं नाही, त्याचाच राग आला.

१२ डिसेंबर, गुरुवार

शीलाला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. अर्धा तास तपासलं. कान ठणठणीत आहेत म्हणे. मग हाकेला ओ का देत नाही, असं विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, काका, ते माझ्या खात्यात येत नाही. शीलाही हसली.

१५ डिसेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी शीला देवळात गेली होती. तिचा फोन वाजला म्हणून मी उचलला. कोणी बाई होती, आवाज उत्साहाचा. उर्वशी आष्टीकर बोलतेय का, म्हणाली. इथे कोणी उर्वशी नाही, राँग नंबर, असं सांगून मी ठेवून दिला.

जेवताना गंमत म्हणून तिला सांगितलं. म्हटलं, कोणाला तरी उर्वशी हवी होती, इंद्राच्या दरबारात विचारा म्हणणार होतो. शीला वरण वाढत होती. तिचा हात थांबला.

"मीच ती," ती म्हणाली.

मला क्षणभर काही कळेना. मग आठवलं. छत्तीस वर्षं झाली. उर्वशी हे तिचं माहेरचं नाव आमच्या आईला आवडलं नव्हतं. नाटकातल्या बाईचं नाव घरात नको, म्हणाली. लग्नात ताटात तांदूळ पसरले होते आणि त्यांत सोन्याच्या अंगठीने मीच लिहिलं होतं, शीला. अक्षर चांगलं आलं म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं होतं. मी ते नाव इतकं विसरलो होतो की माझ्याच बायकोला मागणाऱ्या बाईला राँग नंबर म्हणून मोकळा झालो.

आणि त्याच क्षणी विमलताईंचा शब्द कानात आला. आमची अर्पू.

मी उठलो. पानात भात तसाच होता. शीला काहीतरी बोलत होती, मला वाटतं फोन कुठून आला होता ते विचारत होती. मी चप्पल घातली आणि खोलीवर गेलो.

वगळलेल्यांची यादी यंत्रात होतीच. तिच्यात कोणी बघत नाही. अर्पू म्हणजे माहेरचं अर्पिता असणार, म्हणून मी 'अर्पिता' हे नाव शोधलं.

अर्पिता नावाचं एक फोल्डर होतं. त्यात चौतीस फाइली. सगळ्या आवाजाच्या. मागच्या वर्षीच्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतच्या, सगळ्या दुपारी दोन ते चारमधल्या. कधी दिवसाला तीन, कधी एक. प्रकाराच्या गाळणीतून त्या पार झाल्या होत्या, नावाच्या गाळणीत अडकल्या. यादीत फाइलीचं नुसतं नाव, तारीख आणि आकार असतो. आवाज नसतो.

काही नावं उतरवून घेतो, नाहीतर मला उद्या खरं वाटणार नाही. 'भैरवी सातवा वाढदिवस'. मग आठवा, नववा, दहावा, असे थेट अठराव्यापर्यंत बारा. 'केस विंचरताना रडू नको'. 'आजीसारखे रोडगे'. 'मार्क कमी पडले तर'. 'पाळी आली की घाबरू नको'. 'झोप येत नसली की, बोंडाची गोष्ट', हिचे तीन भाग आहेत. 'बाबांवर रागावू नको'. 'बाबांनी नवीन आई आणली तर'. आणि सगळ्यात शेवटची, सगळ्यात मोठी, 'लग्नात नाव बदलतो म्हणाले तर'.

मी खुर्चीत बसून रडलो. मग घाईने डोळे पुसले. लॅपटॉप नेरला आहे. उद्या पहिल्या गाडीने जातो. फाइली आहेत तिथेच असतील.

१६ डिसेंबर, सोमवार

नाहीत.

रजत दुकानातच होता. मला पाहून उठला, खुर्ची पुसली. लॅपटॉप टेबलावर उघडा होता, पण त्याचा चेहराच नवा. मी विचारलं.

"तुमीच लिवलं ना सर, आता गरज नाई म्हणून," तो म्हणाला. "गंज अटकत होता, लय हळू चाले. सगळं आलं म्हणाले तुमी, मंग म्या परवा तो साफ करून घेतला. आता फास्ट चालून राह्यला."

मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. त्याला आधी पटेना. फोल्डर त्याने कधी पाहिलंच नव्हतं, तो फक्त बिलांपुरता ते यंत्र उघडायचा. रेकॉर्डिंग ज्या फोनवर केलं असेल तो फोन तिच्यामागे नव्याच्या बदल्यात देऊन टाकला होता. मी यादी वाचली. 'बाबांवर रागावू नको' आलं तेव्हा तो युरियाच्या पोत्यावर बसला.

"दुपारी ती दार लावून घ्याची," तो म्हणाला. "म्या समजो झोपते. कोनाले तिकडं जाऊ देत नव्हतो. पोरीलेही नाई."

भैरवीला तरी कधीमधी आत घेतलं असणार, म्हणूनच ती तसं म्हणाली होती. मला ते ऐकू आलं होतं. मी ते इथे लिहूनही ठेवलं आहे, पंचवीस तारखेच्या पानावर.

लॅपटॉप सोबत घेऊन आलो. पुसलेल्यातूनही पुष्कळदा काही परत मिळतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस झटलो. या नव्या जातीच्या डिस्क पुसल्या की स्वतःच सगळी जागा धुऊन काढतात. जुनी फिरणारी तबकडी असती तर आशा होती. नागपूरच्या एका जाणकाराला फोन करून विचारलं. तो म्हणाला, सर, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं.

एक तुकडाही नाही. शिंक नाही, खोकला नाही.

२२ डिसेंबर, रविवार

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. वगळलेल्यांची यादी फक्त माझ्या यंत्रात आहे. कोणी मागितलेली नाही. मी ती पुसली तर समीक्षाने काहीच ठेवलं नव्हतं, हाच कायमचा निकाल. रजत बोलणार नाही, त्याच्याच हातून गेलं ना. विमलताईंना वाटेल, लेक आजारात काहीतरी बोलली. तेच बरं नाही का? काहीतरी होतं आणि गेलं, हे कळण्यापेक्षा काही नव्हतंच, हे सोपं असेल.

दुपारभर मी स्वतःला हे पटवत होतो. त्यातलं किती त्यांच्यासाठी आणि किती माझ्या पाटीसाठी, हे मला चांगलं माहीत आहे.

संध्याकाळी शीलाला विचारलं, तू असतीस तर काय केलं असतंस. ती मेथी निवडत होती. म्हणाली, ती बाई खोटी पडली आहे सगळ्यांपुढे, आणि तिची मुलगीही. दोघींना खरं ठरवणारा कागद तुमच्याकडे आहे. मग थांबून म्हणाली, तुम्ही तिला यंत्र खोटं बोलत नाही म्हणालात ना? मी तिला हे कधी सांगितलं ते मला आठवत नाही.

३० डिसेंबर, सोमवार

कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं. नाव चुकीचं निवडलं, माहेरचं नाव विचारलं नाही, आवश्यकता नाही हे वाक्य अधिकार नसताना लिहिलं, सगळं मांडलं. सोबत यादी जोडली. साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून ठेवला. यापुढे त्यांच्याकडून मला काम येणार नाही. बरोबर आहे.

रजतने स्वतःहून सांगितलं की भैरवी दिवाळीत आणि उन्हाळ्यात आर्णीला राहील, त्याचं काही म्हणणं नाही. त्याच्या वकिलालाही हे नवीन होतं.

भोयर आले नव्हते, तुरीची कापणी चालू आहे. यादी मीच नेऊन द्यायची ठरवली आहे. पोस्टाने पाठवण्यासारखा तो कागद नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आर्णीहून पुढे सहा किलोमीटर ऑटोने गेलो. अंगणात तुरीच्या पेंढ्या वाळत होत्या. विमलताईंनी खाट टाकली, पाणी दिलं. पुंडलिकराव मान खाली घालून समोर बसले. मी उभ्यानेच सांगितलं. बसून सांगवेना.

त्या चिडतील, बोलतील, अशी मी तयारी करून गेलो होतो. तसं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, चूक माहीच हाये. लग्नानंतर म्याच सर्वायले सांगतलं का आता तिले अर्पिता म्हनाचं नाई, तिकडच्यांले राग येते. तुमच्यासमोर त्या दिवशी नाव व्हटावर आलतं. जावाई समोर बसले होते. म्या गिळून घेतलं."

पुंडलिकराव म्हणाले, लेकीचं माहेरचं नाव कागदावर कोण लिहितं. मग उठून गोठ्याकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

विमलताईंना वाचता येतं, पण त्या म्हणाल्या, तुम्हीच वाचा. मी वाचलं. त्यांनी प्रत्येक नावाला मान हलवली. 'आजीसारखे रोडगे' ला किंचित हसल्या. पूर्ण झाल्यावर म्हणाल्या, पुन्हा वाचा. तिसऱ्यांदा वाचताना माझाच आवाज फुटला.

"रोडगे मी शिकवीन तिले," त्या म्हणाल्या. "पाळीचंही सांगीन. बोंडाची गोष्ट माहीच हाये, म्याच सांगतली होती तिले लहानपनी. पन ते वाढदिवसाचं? तेराव्याले काय म्हनाचं होतं तिले, चवदाव्याले काय, ते म्या कुठून आनू?"

त्यांनी यादीवर शेवटच्या ओळीपाशी बोट ठेवलं. विचारलं, ही किती मोठी आहे. मी सांगितलं, सगळ्यात मोठी, बाकीच्यांच्या चौपट.

"म्हंजे गंज बोलली असन," त्या म्हणाल्या. "जित्तेपनी तं या गोष्टीचं एक अक्षर नाई बोलली मले."

त्यांनी कागदाची घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवली. मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकर संपेपर्यंत उठायची हिंमत झाली नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दत्त चौकातली पाटी काल उतरवली. खिळ्यांची भोकं दिसतात, ती बुजवून घ्यायला हवीत.

शीला हळदीकुंकवाच्या तयारीत होती. मी पेपर घेऊन बसलो होतो, पण वाचत नव्हतो. महिनाभर एक गोष्ट मनात टोचते आहे. त्या दिवशी पानावरून उठलो तो उठलोच. तो फोन कोणाचा होता, हे मी शोधून तिला सांगितलं नाही, तिनेही पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारलं होतं, तेव्हा मी चप्पल घालत होतो.

तिचा फोन टेबलावर होता. डिसेंबरच्या पंधरा तारखेचा नंबर त्यात सापडला. मी लावला.

तीच बाई. मी म्हटलं, मागे तुम्ही उर्वशी आष्टीकरांसाठी फोन केला होता, मी राँग नंबर म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, अहो, शाळेच्या बॅचचा मेळावा होता, वणीला. ब्याऐंशी सालच्या सगळ्या मुली जमल्या होत्या. आता पाच तारखेलाच झाला. तुमच्याकडून राँग नंबर आला म्हणून तिचं नाव आम्ही यादीतून काढलं. तिच्या बाकावरची मीच, तिने ओळखलं असतं मला.

मी म्हटलं, थांबा, ती इथेच आहे. हाक मारतो.

शीला आत तीळ भाजत होती. मधे दोन खोल्या आहेत, वर कढईचा आवाज. मी फोन छातीशी धरला. इतक्या वर्षांत हे नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं, आवाज नीट लागला नाही, जेमतेम कुजबुजल्यासारखी हाक गेली.

"उर्वशी."

"ओ," पहिल्याच हाकेला आलं.

मग आत सगळं थांबलं. थोड्या वेळाने ती दारात आली, हातात उलथणं तसंच. माझ्याकडे पाहत होती. मी फोन पुढे केला, कोण आहे ते सांगितलं, मेळावा होऊन गेला हेही सांगितलं. तिने उलथणं माझ्या हातात दिलं, फोन घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तीळ मी भाजले. थोडे करपले. पाऊण तास झाला तरी दार उघडलं नव्हतं. एकदा मोठ्याने हसल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग ती एकटीच बोलत होती, सलग, न थांबता. शब्द कळत नव्हते. मी उठून दारापाशी गेलो नाही.

बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

तिने कढई पाहिली, जळलेले तीळ वेचून बाजूला केले आणि गूळ किसायला घेतला.